सील शाबूत, माल कमी: कंटेनरच्या ताब्याचा हिशेब कसा ठेवायचा

आधी प्रश्न थोडक्यात. भिवंडीत गोदाम आणि अंधेरीत ऑफिस असलेली एक कंपनी टॉवेल-चादरी निर्यात करते. महिन्याला दहा-बारा कंटेनर न्हावाशेवाहून युरोप आणि आखाताकडे जातात. हॅम्बुर्गला पोचलेल्या एका चाळीस फुटी कंटेनरमध्ये ३८ कार्टन कमी निघाले. दाराचं बोल्ट सील, म्हणजे कापल्याशिवाय न निघणारी पोलादी खीळ, शाबूत होतं, नंबरही बिल ऑफ लेडिंगशी, म्हणजे माल जहाजावर घेतल्याच्या पावतीशी, जुळत होता. शिपिंग लाइनने, म्हणजे जहाज कंपनीने, हात झटकले, ग्राहक बिलातून पैसे कापायला निघालाय. अशात एका विक्रेत्याने दर फेरीला जीपीएस लॉक लावायचं कोटेशन पाठवलंय. ते घ्यावं का, आणि माल नेमका कुठे आहे, त्याला वाटेत कुणी हात लावला का, हे एरवी कसं कळत राहील, असं विचारलंय. लाइनच्या वेबसाइटवरची तारीख रोज बदलते, अशीही तक्रार आहे.

लॉक घ्यायचा की नाही ते पुढे पाहू, कारण तो प्रश्न दुय्यम आहे. कंटेनर कुठे आहे हा एक प्रश्न झाला आणि तो या क्षणी कुणाच्या ताब्यात आहे हा दुसरा. नकाशावरचा ठिपका पहिल्याचं उत्तर देतो. तुमचे ३८ कार्टन दुसऱ्या प्रश्नात गेलेत. गोदामापासून ग्राहकाच्या दारापर्यंत कंटेनर निदान सात-आठ हातांतून जातो आणि प्रत्येक वेळी देणारा-घेणारा दोघेही फक्त कागदावर सही करतात, दाराकडे बघत नाहीत. सुरक्षितता आणि ट्रॅकिंग हे दोन वेगळे विषय म्हणून विकले जातात. माझ्या मते ताबा बदलतानाची नोंद नीट ठेवली की दोन्हींचं मोठं काम तिथेच होतं.

लाइनने हात का झटकले ते समजून घ्या, म्हणजे राग थोडा कमी होईल. फुल कंटेनरच्या बिल ऑफ लेडिंगवर ‘शिपर्स लोड, स्टो अँड काउंट’ आणि ‘सेड टू कंटेन’ असे शब्द असतात. त्याचा अर्थ असा की माल तुम्ही भरला, तुम्ही मोजला, आम्ही फक्त सीलबंद डबा उचलला. सील त्याच नंबरचं आणि न तुटलेलं पोचलं, की लाइनच्या दृष्टीने तिचं काम चोख झालं. मग संशय दोनच ठिकाणी उरतो: तुम्ही कमी भरला, किंवा ग्राहकाने कमी मोजला. दार सील न तोडता उघडलं गेलं ही तिसरी शक्यता तुम्हालाच दाखवून द्यावी लागते. आणि ती अगदी खरी शक्यता आहे.

आता कंटेनरच्या मागच्या बाजूला उभे राहा. दोन दारं असतात. डावं आधी लागतं, उजवं नंतर, आणि उजव्याची कड डाव्यावर चढते. म्हणून उजवं न उघडता डावं उघडता येत नाही, आणि म्हणूनच सील उजव्या दारावर लावतात. प्रत्येक दाराला दोन उभे लॉकिंग बार असतात. बारच्या वर-खाली कॅम असतो, तो चौकटीवरच्या खोबणीत अडकतो. बारला एक आडवं हँडल असतं, ते फिरवलं की कॅम सुटतो. आपण सील लावतो ते या हँडलला, ते हलू नये म्हणून. पण हँडल स्वतः बारला कशाने जोडलंय? एका रिव्हेटने, नाहीतर नट-बोल्टने. चोर सीलला हातही लावत नाही. तो रिव्हेट ग्राइंडरने उडवतो, हँडल सीलसकट बाजूला करतो, बार फिरवतो, दार उघडतो, माल काढतो आणि जागी नवा बोल्ट घालून वर रंगाचा हात मारतो. कुलूप शाबूत आणि कोयंडा उखडलेला, असा हा प्रकार आहे. काही जण दाराच्या बिजागऱ्यांकडूनही हेच करतात. दुरून बघणाऱ्याला, म्हणजे गेटवरच्या प्रत्येकाला, सगळं ठीक दिसतं.

यावर उपाय स्वस्त आहे. बोल्ट सीलच्या जोडीला दोन्ही दारांच्या मधल्या दोन लॉकिंग बारना मिळून एक केबल सील घाला. मग हँडल निघालं तरी बार फिरत नाहीत. हे केबल सीलही आयएसओ १७७१२ मानकाच्या ‘एच’ दर्जाचं, म्हणजे हाय सिक्युरिटीचं असू दे. त्या मानकात तीन दर्जे आहेत, ‘आय’, ‘एस’ आणि ‘एच’. बाजारात स्वस्तात मिळणारी पत्र्याची किंवा प्लास्टिकची सीलं बहुधा ‘आय’ दर्जाची असतात, म्हणजे नुसती खूण. काही नव्या कंटेनरना उजव्या दाराच्या खालच्या कॅमपाशीच सीलसाठी भोक दिलेलं असतं. तसा कंटेनर मिळाला तर सील तिथेच लावा, कारण तिथे हँडलचा प्रश्नच येत नाही. केबल सीलचा नंबर पॅकिंग लिस्टवर आणि ग्राहकाला जाणाऱ्या ईमेलमध्ये घाला, आणि तुमच्या क्लिअरिंग एजंटला आधीच सांगून ठेवा की कस्टम्सने तपासणीसाठी सील तोडलं, तर नवी दोन्ही सीलं, त्यांचे नंबर आणि फोटो त्याच दिवशी मिळाले पाहिजेत.

सील तपासायची पद्धत अमेरिकी कस्टम्सच्या सी-टीपॅट या मालवाहतूक-सुरक्षेच्या कार्यक्रमाने रूढ केली, ती चार पायऱ्यांची आहे: बघा, नंबर कागदाशी ताडा, ओढा, पिळा. शेवटची पायरी आपल्याकडे हमखास गळते. कापलेला बोल्ट आटे पाडून पुन्हा बसवलेला असेल, तर तो ओढून निघत नाही, पिळला की फिरतो. गोदामाच्या सुपरवायझरला हे एकदा हातात सील देऊन दाखवा. तोंडी सांगून होत नाही.

आणि हे सगळं सील लावण्याच्या आधी सुरू व्हायला हवं. एम्प्टी यार्डातून रिकामा कंटेनर आला की तो तपासायचा: तळ आणि चेसिसची बाजू, दारं आतून-बाहेरून, उजवी भिंत, डावी भिंत, समोरची भिंत, छत, जमीन. दारांच्या तपासणीत हँडलचे रिव्हेट नीट बघा. एक रिव्हेट जुना गंजका आणि शेजारी चकचकीत नट-बोल्ट असेल, तर फोटो काढा आणि कंटेनर बदलून मागा. टेप लावून आतली लांबी मोजा. चाळीस फुटी आतून साधारण १२.०३ मीटर भरतो, वीस फुटी ५.९ मीटर. फूटभर कमी आली तर समोर खोटी भिंत आहे असं धरून चाला. आत उभं राहून दारं लावून घ्यायची आणि कुठून उजेड येतो का बघायचं, हे तर आपण पावसाळ्यात पाण्यासाठी करतोच.

कंटेनर नंबरचा शेवटचा आकडाही फुकटचा पहारेकरी आहे. चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला एक आकडा, अशी ही रचना आयएसओ ६३४६ मध्ये ठरलेली आहे. चौकटीतला आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने निघतो. अक्षरांना १० पासून ३८ पर्यंत किमती असतात, त्यातल्या ११, २२ आणि ३३ वगळतात. प्रत्येक किमतीला अनुक्रमे १, २, ४, ८ असं दुपटीने ५१२ पर्यंत गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं, उरलेली बाकी म्हणजे तो आकडा (बाकी १० आली तर शून्य). सीएसक्यूयू ३०५४३८ घ्या: बेरीज ६१८५ होते, बाकी ३ उरते, म्हणून पूर्ण नंबर सीएसक्यूयू ३०५४३८-३. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवून ठेवलं की टायपिंगच्या चुका आणि घाईघाईत रंगवलेले खोटे नंबर दोन्ही बरेचसे सापडतात.

मोजणीबद्दल एकच सांगतो, कारण क्लेममध्ये सगळ्यात आधी तेच विचारतात. दार लावल्यावर काढलेला एक फोटो काहीच सिद्ध करत नाही. पाव भरला, अर्धा भरला, पाऊण भरला आणि पूर्ण भरला असे चार फोटो, प्रत्येकात कंटेनर नंबरची पाटी धरलेली, आणि त्याच टप्प्यांवर सही केलेली टॅली शीट, एवढं असलं की ‘तुम्ही कमी भरला’ हा मुद्दा बऱ्यापैकी निकालात निघतो.

आता वजन. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या दुरुस्तीमुळे १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं व्हीजीएम, म्हणजे पडताळलेलं एकूण वजन, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. बहुतेक निर्यातदार याला आणखी एक कटकट समजतात आणि कार्टनच्या वजनाची बेरीज करून आकडा कळवून टाकतात. नियमात ती पद्धत बसते. पण स्वतःच्या फायद्यासाठी भरलेली गाडी काट्यावर घाला. तुमचं एक कार्टन १८ किलोचं धरलं तर ३८ कार्टन म्हणजे ६८४ किलो. एवढा फरक वजनकाट्यावर लपत नाही. भिवंडीची पावती आणि पोर्टच्या गेटवरचं वजन यांत पावणेसातशे किलोंचा फरक असेल, तर चोरी या साठ-पासष्ट किलोमीटरांत झाली. फरक नसेल तर ती पुढे झाली, आणि तुमच्या ट्रेलरवाल्यावरचा संशय तिथेच संपला. तुलना करताना डिझेलचं भान ठेवा. चारशे लिटरची टाकी रिकाम्याची भरली तर सव्वातीनशे किलोच्या आसपास फरक पडतो. भरल्या टाकीने काटा करून दोन दिवसांनी पोर्टला पोचलेल्या गाडीचं वजन जुळवत बसलात तर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची.

ट्रेलरवाल्यांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. माल कमी आला की पहिला हात ड्रायव्हरच्या कॉलरला जातो. काही वेळा तो सामील असतो, नाकारत नाही. पण गाडी कुठे आणि का थांबली हे बघा. तुमच्या गाड्या मुंब्रा बायपास, शीळफाटा, कळंबोली करत जेएनपीटी रोडला लागत असतील. अवजड वाहनांच्या वेळा पाळायच्या म्हणून एकदा थांबायचं, पुढे त्या जहाजाच्या कंटेनरसाठी पोर्टचं गेट अजून उघडलं नाही म्हणून थांबायचं, आणि सगळ्यात जास्त वेळ कागदासाठी. फॉर्म १३, म्हणजे पोर्टच्या गेटचा प्रवेश परवाना, निघालेला नाही, शिपिंग बिलात, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या कागदात, काही दुरुस्ती अडकलीय, आणि भरलेला कंटेनर रात्रभर एखाद्या ढाब्यामागे किंवा करळ फाट्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभा. चालत्या गाडीचा रिव्हेट कुणी उडवत नाही. या उभ्या रात्री बहुतेकदा आपल्याच ऑफिसने तयार केलेल्या असतात. गाडी गोदामातून सोडायची ती कागद पूर्ण झाल्यावर आणि गेट उघडल्याची खात्री करूनच, असा नियम केलात तर कुठल्याही उपकरणापेक्षा जास्त फायदा होईल. थांबावंच लागलं तर बंदर प्राधिकरणाच्या सेंट्रलाइज्ड पार्किंग प्लाझामध्ये, आणि हॉल्टिंगचे पैसे ड्रायव्हरला बिनतक्रार द्यायचे. ते वाचवायला गेलात तर तो स्वस्त जागा शोधणारच.

अशा पार्श्वभूमीवर जीपीएस लॉककडे बघा. गोदाम ते पोर्ट या टप्प्यात तो खरंच कामाचा आहे: गाडी कुठे किती वेळ थांबली, ठरलेला रस्ता सोडला का, लॉक कुठे उघडला, हे लगेच कळतं. आपल्या कस्टम्सनेही कोलकाता आणि विशाखापट्टणमहून नेपाळला जाणाऱ्या कंटेनरसाठी अशीच इलेक्ट्रॉनिक ट्रॅकिंगची सीलं वापरात आणली. पण पुन्हा वापरायचा लॉक पोर्टच्या गेटपाशी काढून परत पाठवावा लागतो. म्हणजे टर्मिनल, जहाज, ट्रान्सशिपमेंटचं (जहाज बदलायचं) बंदर आणि हॅम्बुर्ग ते ग्राहकाचं गोदाम, हे सगळं त्याच्या नजरेबाहेर राहतं. कंटेनरच्या आत ट्रॅकर टाकायचा सल्लाही कुणीतरी देईल. पोलादी डब्यात उपग्रहाचा सिग्नल नीट पोचत नाही, आणि समुद्रात मोबाईलचं नेटवर्क नसतं. जहाजाच्या पोटात सहाव्या थरावर अडकलेला डबा काय सांगणार? शिपिंग लाइन स्वतःच कंटेनरच्या दारावर बाहेरून उपकरण बसवू लागल्या आहेत. हापाग-लॉइडने २०२२ मध्ये आपल्या सगळ्या कोरड्या कंटेनरना ट्रॅकर बसवण्याची घोषणा केली. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये तर ही सोय त्याआधीपासून आहे. टॉवेल-चादरीसाठी माझा सल्ला असा: लॉक सरसकट नको. ज्या फेऱ्या रात्री उभ्या राहणारच आहेत, किंवा ज्यांत माल महागडा आहे, तेवढ्यांना लावा. आणि विक्रेत्याला आधी एक विचारा, रात्री दोन वाजता अलार्म वाजला तर फोन कोण उचलणार? उत्तर ‘तुम्हाला एसएमएस येईल’ असं असेल तर कोटेशन बाजूला ठेवा.

पैसे टाकण्याआधी फुकट मिळणारी माहिती तरी वाचा. सेल्फ-सीलिंगच्या, म्हणजे निर्यातदार स्वतः सील लावतो त्या, निर्यात कंटेनरना २०१७ सालापासून आरएफआयडी ई-सील, म्हणजे रेडिओलहरींनी वाचता येणारं सील, लागतं. ते लावताना सीलचा नंबर, वेळ, गाडी नंबर, शिपिंग बिल ही माहिती तुम्हीच भरता. पोर्टला ते वाचलं गेलं का आणि सील छेडलेलं निघालं का, हे विक्रेत्याच्या पोर्टलवर दिसतं. किती जण उघडून बघतात? दुसरी सोय लॉजिस्टिक्स डेटा बँकेची, एलडीबी म्हणतात ती. जुलै २०१६ मध्ये ती न्हावाशेवाला सुरू झाली. कंटेनरवर आरएफआयडी टॅग लागतो आणि पोर्टचं गेट, टोल नाके, सीएफएस (बंदराजवळची कंटेनर गोदामं), आयसीडी (आतल्या भागातली कोरडी बंदरं) अशा ठिकाणचे रीडर तो वाचतात. संकेतस्थळावर कंटेनर नंबर घातला की कुठे, किती वाजता दिसला ते येतं. आयातीला याचा फायदा जास्त, तरी निर्यातीतही गेट-इनची, म्हणजे पोर्टच्या गेटातून आत गेल्याची, वेळ पक्की करायला उपयोगी पडतं. २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणासोबत आलेल्या युलिप मंचामुळे ही आणि इतर सरकारी माहिती तुमच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येही ओढून घेता येते. महिन्याला दहा-बारा कंटेनरसाठी मात्र एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

लाइनच्या वेबसाइटवर ‘तारीख रोज बदलते’ अशी तुमची तक्रार आहे. बघताना ती तारीख ठरलेली आहे, अंदाजाची आहे की प्रत्यक्ष घडलेली, हे आधी पाहा. २०१९ मध्ये मोठ्या लाइनींनी मिळून डीसीएसए ही संस्था काढली आणि ट्रॅकिंगच्या घटनांना हे तीन वर्ग ठरवून दिले. तुमच्या एक्सेलमध्ये फक्त घडलेल्या घटना भरा: एम्प्टी उचलला, गेट-इन, जहाजावर चढला, ट्रान्सशिपमेंटला उतरला, पुन्हा चढला, उतरला, गेट-आउट, एम्प्टी परत. दोन घटनांमधला वेळ नेहमीपेक्षा फार वाढला की तिथे प्रश्न विचारायचा, बाकी दिवशी स्क्रीनकडे टक लावून बसायचं कारण नाही. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. अशा वेळी ग्राहकाला लाइनची तारीख पुढे ढकलण्यापेक्षा एआयएसवर, म्हणजे जहाजं आपली जागा सतत कळवतात त्या यंत्रणेवर, जहाजाची जागा बघून सांगितलेलं बरं. फक्त एआयएसलाही वेदवाक्य समजू नका. २०२५ च्या जूनमध्ये होर्मुझच्या परिसरात जीपीएस जॅम झाल्यावर जहाजं चक्क जमिनीवर उभी असल्यासारखी दिसत होती.

आणि सगळा भरवसा दुसऱ्याच्या स्क्रीनवर ठेवू नका. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या बड्या शिपिंग लाइनच्या यंत्रणा जगभर बंद पाडल्या, त्यात न्हावाशेवाचं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही सापडलं. त्या दिवसांत ज्यांच्याकडे स्वतःची कंटेनर-सील-बुकिंगची यादी होती त्यांना निदान आपला माल गेटच्या आत आहे की बाहेर, एवढं सांगता येत होतं. ब्लॉकचेनबद्दल कुणी विचारलं तर मर्स्क आणि आयबीएमच्या ट्रेडलेन्सची गोष्ट सांगा: २०१८ मध्ये मोठ्या गाजावाजाने आलं, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बंद करत असल्याचं जाहीर झालं. तंत्र चालत होतं, पण सगळ्या स्पर्धकांनी एकाच्या घरात आपली माहिती आणून ठेवावी हे काही जमलं नाही.

जिथे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही ती गोष्ट म्हणजे माहितीची गळती. कंटेनर नंबर, सील नंबर, जहाजाचं नाव, ड्रायव्हरचा मोबाईल आणि दाराचा फोटो, हे सगळं आपण एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. त्या ग्रुपमध्ये गेल्या वर्षी नोकरी सोडून गेलेला माणूस असतो, दोन ट्रान्सपोर्टरची मुलं असतात, आणि एक नंबर असतो जो कुणाचा हे कुणालाच माहीत नसतं. नकली सील बनवायला एवढी माहिती पुरते. अँटवर्पला तर अमली पदार्थांच्या टोळ्यांनी २०११ पासून जवळपास दोन वर्षं बंदरातल्या कंपन्यांच्या संगणकांत शिरून कंटेनर सोडवायचे पिन कोड मिळवले होते. खरा मालक पोचायच्या आधीच यांचा ट्रक डबा घेऊन जायचा. आजही युरोपातल्या बंदरांत पिनची चोरी ही पोलिसांची मोठी डोकेदुखी आहे.

या टोळ्यांची दुसरी रीत निर्यातदाराला जास्त महाग पडते. त्या माल काढत नाहीत, घालतात. सरळमार्गी कंपनीच्या कंटेनरचं दार वाटेत उघडायचं, आत दाराशीच बॅगा ठेवायच्या, त्याच नंबरचं नकली सील लावायचं आणि पलीकडच्या बंदरात साथीदाराने त्या काढून घ्यायच्या. तो साथीदार पोचला नाही तर बॅगा तुमच्या ग्राहकाच्या गोदामात उघडतात. आपल्याकडचे मोठे छापेही कंटेनरमधलेच आहेत: सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात टाल्कच्या नावाखाली आलेलं जवळपास तीन हजार किलो हेरॉइन, ऑक्टोबर २०२२ मध्ये न्हावाशेवाला हिरव्या सफरचंदांच्या पेट्यांत सापडलेलं ५० किलोंहून जास्त कोकेन. त्या आयातीच्या केसेस होत्या, पण त्यानंतर अनोळखी नावाच्या प्रत्येक कंटेनरकडे कस्टम्स कसं बघत असेल याची कल्पना करा. सगळेच कंटेनर स्कॅन का करत नाहीत, असं लोक विचारतात. अमेरिकेने २००७ मध्ये तसा कायदा केला, परदेशातून येणारा प्रत्येक कंटेनर तिथल्याच बंदरात स्कॅन व्हावा म्हणून. मुदत २०१२ ची होती. ती पुढे ढकलत ढकलत अजून चालू आहे, कारण बंदरंच ठप्प होतील. म्हणून जगभर कस्टम्सचं काम जोखमीच्या अंदाजावर चालतं, आणि त्या अंदाजात तुमचं नाव खालच्या जोखमीत यावं असं वाटत असेल तर एईओ, म्हणजे कस्टम्सने मान्य केलेल्या भरवशाच्या व्यापाऱ्याच्या, दर्जासाठी अर्ज करा. त्यातली टी-१ ही पायरी कागदपत्रांवर मिळते. टी-२ साठी अधिकारी गोदामात येऊन कुंपण, कॅमेरे, सीलची नोंदवही, माणसांची पडताळणी सगळं बघतात. तुम्ही वरची अर्धी कामं केलीत तर त्या भेटीची वेगळी तयारी करावी लागणार नाही.

ग्रुपवर यापुढे फक्त ‘गाडी निघाली, गाडी पोचली’ एवढंच. सील नंबर आणि कागद ईमेलने, ज्यांना हवेत त्यांनाच. सीलचं पाकीट गोदामात कपाटात कुलपाखाली, एका माणसाच्या ताब्यात, वापरलेल्या प्रत्येक नंबरची वहीत नोंद. टेबलावर उघडं पडलेलं सीलचं खोकं मी चांगल्या चांगल्या गोदामांत पाहिलंय.

आता हातातल्या केसबद्दल. लपलेल्या नुकसानीची किंवा तुटीची लेखी नोटीस वाहकाला डिलिव्हरीपासून तीन दिवसांत द्यायची असते. ग्राहकाने ती दिली नसेल तरी क्लेम मरत नाही, पण पुराव्याचा सगळा भार तुमच्यावर येतो. दाव्यासाठी एक वर्षाची मुदत असते, ती तारीख आजच कॅलेंडरवर टाका. विमा इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ‘ए’चा (सगळ्यात व्यापक जोखमीचा) आणि गोदाम ते गोदाम असेल तर विमा कंपनीला लगेच कळवा, सर्व्हेयर नेमायचा अधिकार त्यांचा आहे, आणि उशीर हे त्यांचं आवडतं कारण.

ग्राहकाकडून तीन गोष्टी मागवा: सील कापायच्या आधीचा फोटो असेल तर तो, कापलेल्या सीलचे दोन्ही तुकडे, आणि दार उघडल्याबरोबर आतलं काय दिसलं त्याचा फोटो. कार्टनच्या रांगा दाराकडच्या बाजूला विस्कटलेल्या असतील आणि आत जशाच्या तशा, तर माल वाटेत दारातून निघाला. भिवंडीच्या काट्याची पावती काढा आणि टर्मिनलकडचं गेट-इनचं वजन एजंटमार्फत मागवा. शेवटची गोष्ट सहसा कुणी मागत नाही. रिकामा कंटेनर हॅम्बुर्गच्या डेपोत परत गेला असेल, तिथे लाइनच्या माणसांनी तो तपासून दुरुस्तीचं एस्टिमेट बनवलं असणार. उजव्या दाराच्या हँडलचा रिव्हेट बदललेला होता किंवा तिथे नवा बोल्ट सापडला, अशी एक ओळ त्या एस्टिमेटमध्ये असेल तर ती लाइनच्याच कागदावर असेल. भिवंडीला एम्प्टी आला तेव्हाची ईआयआर, म्हणजे ताबा घेताना कंटेनरची स्थिती नोंदवणारी, पावती तिच्या शेजारी ठेवा. तिच्यावर हँडलबद्दल काही शेरा नसेल, तर दाराची छेडछाड या दोन कागदांच्या मधल्या काळात झाली. मग सील शाबूत होतं या लाइनच्या पत्राला उत्तर देताना सोबत जोडायला तुमच्याकडे काहीतरी असेल.